संपर्कक्षेत्राच्या बाहेर

गेल्या आषाढांतील एक रात्र आमच्या घराच्या स्मरणांतून अद्याप गेलेली नाहीं. चिंचवडास आम्हां तिघां भावांचे संसार एकाच छपराखालीं नांदतात. त्या रात्रीं दोनच्या सुमारास माझ्या थोरल्या बंधूंच्या छातींत कळ आली व ते घामानें निथळूं लागले. त्यांचा एकुलता एक चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत रात्रपाळीस होता. वहिनींनीं त्यास मोबाईल लाविला. उत्तर आलें तें यंत्राचें, कीं हा क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. मग सुनेनें लाविला, मीं लाविला. शेवटीं शेजाऱ्यांच्या मोटारींतून बंधूंस रुग्णालयांत नेलें. सकाळीं पाळी सुटून मुलगा फाटकाबाहेर आला, तेव्हां आमचे एकोणीस निरोप त्याच्या फोनवर एकदम येऊन पडले.

ईश्वरकृपेनें बंधू बरे झाले. परंतु मनांत अढी राहिली ती राहिलीच. "फोन बंद करून ठेवतो. बाप गेला तरी याला पत्ता नसायचा!" हें वाक्य ते जेवतांना, फिरायला निघतांना, औषध घेतांना बोलून दाखवीत. मुलगा "फोन चालूच होता, दादा," एवढेंच म्हणे व मान खालीं घालीत असे. बापलेकांचें बोलणें हळूहळू कामापुरतेंच उरलें. खरें सांगावयाचें तर मीहि मनांतून बंधूंच्याच बाजूचा होतों.

खंडेनवमीस त्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते व घरच्या मंडळींस आंत सोडतात. यंदा मी पुतण्याबरोबर गेलों. फाटकापाशीं माझ्या फोनवर चार रेघा होत्या. शेडच्या दारांतून वीस पावलें आंत गेलों, तों एकच उरली. जेथें माझा पुतण्या रात्रभर उभा असतो, तेथें एकहि नव्हती. छपरांत उजेडासाठीं बसविलेल्या काचतंतूंच्या पत्र्याखालीं गेल्यावर मात्र एक रेघ पुन्हां उगवली. मीं मुलाकडे पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं.

मी संस्कृताचा शिक्षक. माझें पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशींच थांबलें. तरी घरीं येऊन पुस्तकें काढलीं व जें उमगलें तें येथें मांडतों, कारण रात्रपाळी आतां आपल्यांपैकीं पुष्कळ घरांत आली आहे.

आपल्या नैयायिकांनीं शब्द कसा पसरतो हें सांगतांना वीचीतरंगन्याय योजिला आहे: पाण्यांत खडा पडला कीं एका लाटेंतून दुसरी उठावी तसा. दृष्टांत सुंदर आहे. परंतु एवढ्यावरून बिनतारी विद्या आपल्या पूर्वजांस ठाऊक होती असें म्हणूं नये. ते ध्वनीविषयीं बोलत होते. विद्युच्चुंबकीय लहरींचें गणित मॅक्स्वेलनें 1865 सालीं प्रसिद्ध केलें, आणि 1887-88 मध्यें हर्ट्झनें त्या लहरी प्रयोगानें दाखविल्या. प्रकाश हीहि त्याच जातीची लहर. म्हणून दोहोंचा वेग एकच, सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर. मोबाईलची लहर साधारणतः दहा ते चाळीस सेंटिमीटर लांबीची असते. ती धातूच्या पत्र्यावर आदळली म्हणजे पत्र्यांतील मोकळे विद्युत्कण तिच्या तालावर हलूं लागतात, व त्यांच्या हलण्यानें तीच लहर माघारीं फेंकली जाते. कौलांतून, लाकडांतून, काचतंतूंच्या पत्र्यांतून ती बरीचशी पार होते. लोखंडी पत्र्यापुढें मात्र तिचें कांहीं चालत नाहीं. चोहोंबाजूंनीं पत्र्यानें मढविलेली शेड म्हणजे तिच्या दृष्टीनें झांकण लावलेला डबाच.

गंमत अशी कीं, ज्या परावर्तनानें आमची हाक अडविली, त्याच परावर्तनानें एकदां आमच्याच परिसरांतून विलायतेपर्यंत निरोप पोंचविले. आमच्यापासून तीन कोसांवरील खडकी येथें 1927 सालीं 'बीम' पद्धतीचें बिनतारी प्रेषणकेंद्र सुरू झालें. विलायतेचे निरोप उतरून घेण्याचें केंद्र दौंडास होतें. दहा ते शंभर मीटर लांबीच्या लहरींस लघुलहरी म्हणतात. त्या पृथ्वीपासून बऱ्याच उंचीवर असलेल्या विद्युद्भारित थरावरून परततात, आणि जमीन व तो थर यांमध्यें उसळ्या घेत समुद्रापार जातात. समुद्रतळाच्या तारांहून हें काम इतकें स्वस्तांत होऊं लागलें कीं, 1932 सालीं हिंदुस्थानांतील तारेचा व बिनतारीचा असे दोन्ही धंदे एकाच कंपनींत विलीन करावे लागले.

याच बीम केंद्रांसाठीं मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिन यांनीं एक युक्ति योजिली होती. यंत्रापासून आकाशतारांपर्यंत लहर न्यावयाची कशी? उघड्या तारेनें नेली तर ती वाटेंतच सांडते. त्यांनीं तांब्याच्या नळींत नळी बसविली. आज दूरचित्रवाणीच्या पेटीस जी गोल काळी केबल लावतों, ती त्याच कुळांतली. तिच्या पोटांत एक तार, भोंवतीं प्लास्टिक व त्याभोंवतीं धातूची जाळी. लहर तारेच्या गाभ्यांतून धांवते असें आपणांस वाटतें, पण ती जाते मधल्या जागेंतून. तार व जाळी हे केवळ पाटाचे दोन कांठ. तेथें तिचा वेग प्रकाशाच्या सुमारें दोन तृतीयांश असतो.

या पाटाचा एक स्वभाव आहे. प्रत्येक केबलीस तिचा ठरलेला रोध असतो: दूरचित्रवाणीच्या केबलीस 75 ओहम, बिनतारी यंत्रांच्या केबलीस बहुधा 50. जाड दोरास बारीक दोरी बांधून झटका द्या. गांठीपाशीं झटक्याचा कांहीं भाग मागें फिरतो. तसेंच येथें. 50 च्या केबलीस 75 ची जोडली तर शक्तीचा शेंकडा चार भाग परत येतो. टोंक मोकळें सोडलें तर सगळीच परतते. जोड जुळता असला तरच पाठविलेलें पुरतेंपणीं पोंचतें.

तेव्हां शेडवरचा उपाय सरळ आहे. छपरावर मनोऱ्याकडे तोंड करून एक आकाशतार बसवावी, केबलीनें लहर आंत आणावी, यंत्रानें तिचें बळ वाढवावें, व आंत ठिकठिकाणीं लहान आकाशतारांतून ती पसरवावी. बोगद्यांत व खाणींत तर केबलीच्या जाळीलाच मुद्दाम फटी ठेवतात, म्हणजे लहर वाटभर थोडी थोडी झिरपत जाते. मात्र असें यंत्र बाजारांतून आणून परस्पर बसवूं नये. आंतली आकाशतार बाहेरचीस ऐकूं गेली कीं, ध्वनिक्षेपक जसा किंचाळतो तसा प्रकार होऊन सबंध परिसराची सेवा बिघडते. म्हणून परवानगीवांचून तें लावण्यास कायद्यानें मनाई आहे. हें काम दूरध्वनि-कंपनीकडूनच करून घ्यावें लागतें, व कारखान्याच्या चालकांनीं त्यासाठीं अर्ज करावा लागतो. पुतण्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तशी लेखी विनंति केली आहे. उत्तर अजून यावयाचें आहे.

हें सारें मीं एका संध्याकाळीं बंधूंस सांगितलें. त्यांचा विश्वास बसेना. तेव्हां सुनेनें माझा फोन पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यांत ठेवून झांकण घट्ट लाविलें व म्हणाली, "मामंजी, आतां लावा." फोन कांहीं वाजला नाहीं. झांकणाशीं जरा फट राहिली तर अशा डब्यांतहि फोन वाजतो. त्या दिवशीं झांकण चांगलें बसलें होतें एवढेंच. बंधूंनीं दोनदां लावून पाहिला. मग बराच वेळ डब्याकडे पाहत बसले.

रात्रीं चिरंजीव पाळीस निघाला, तेव्हां त्यांनीं त्यास हांक मारली. मला वाटलें, आतां कांहीं मायेचें बोलतील. ते म्हणाले, "फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या फोनाचा नंबर दे. भिंतींतला तारेचा फोन असतो ना, तो." मुलानें सांगितला. बंधूंनीं चष्मा लावून तो देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि दोनदां वाचून ताडून पाहिला. मग म्हणाले, "डबा घेतलास का?"

वाचकहो, आपल्या घरचें कोणी पत्र्याच्या शेडींत रात्रपाळी करीत असेल, तर असा एक क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा, आणि फोन लागला नाहीं म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वीं एकदां त्याच्याबरोबर आंत जाऊन या.