वार नावाची कामकरीण

बाळ जन्मलं की सगळं घर बाळाभोवती. ‘वार पडली का?’ एवढं विचारलं जातं, की संपलं. पण मैत्रिणींनो, अर्ध्या किलोचा हा गोळा बहुतांशी बाळाच्याच पेशींचा असतो, म्हणजे त्यात बापाचाही वाटा आलाच!

गर्भ जेमतेम आठवड्याचा असताना त्याच्या बाहेरच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतात. काही एकमेकींत मिसळून सलग थर होतात. लघवीच्या तपासणीत ‘दिवस गेलेत’ कळतं, ते या थराच्या संप्रेरकामुळे. आई-बाळाचं रक्त एकत्र होत नाही. अन्न, प्राणवायू या थरातूनच जातो आणि दिवस भरतात तसा तो पातळ होतो. दुसऱ्या काही पेशी खोलवर शिरून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम साधारण पाचव्या महिन्यापर्यंत आटोपतं. ते अपुरं राहिलं तर बाळाची वाढ खुंटू शकते, आईचं बीपी वाढू शकतं, झटकेही येऊ शकतात. आणि आपण म्हणतो, ‘सुनेनं नीट खाल्लंच नाही!’

आपलं कौतुक सुरू होतं सातव्यात, डोहाळजेवणाला. तीन महिने शेजारणीला सांगू नका हवं तर, पण आशाताईंना, नर्सबाईंना लगेच सांगा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. बीपी आणि लघवी तपासून घ्याच. चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र ९ तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.