पदार्थविज्ञानाची गाइडे आणि वैद्याची विचारशक्ती

आयुर्वेदाच्या प्रथम वर्षास प्रवेश घेतलेला विद्यार्थी नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत पुस्तके घेण्यास जातो, तेव्हा शरीररचनेचा ग्रंथ तो चार जणांना विचारून निवडतो. पदार्थविज्ञानाच्या बाबतीत मात्र सर्वांत पातळ पुस्तक कोणते, एवढीच त्याची चौकशी असते. कणाद, गौतम, कपिल, पतंजली, जैमिनी आणि बादरायण यांच्याशी त्याची पहिली भेट त्या पातळ पुस्तकात होते, आणि पुष्कळदा तीच अखेरचीही ठरते. पुढील तीस-चाळीस वर्षे जो चिकित्सा करणार किंवा औषधनिर्मिती करणार, त्याच्या विचाराचा पाया ज्या पुस्तकावर उभा राहतो, त्या पुस्तकाकडे आपल्या व्यवसायाने कधी गंभीरपणे पाहिले आहे काय, असा प्रश्न आम्हांस वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवावयाचा आहे.

गाइड ह्या प्रकाराविरुद्ध आमची तक्रार नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्या तर्कसंग्रहाचे नाव प्रत्येक अध्यापक आदराने घेतो, तो तरी दुसरे काय आहे? सतराव्या शतकात अन्नंभट्टाने न्याय व वैशेषिक ही दोन दर्शने एकत्र करून, ‘बालां’ना सुखाने कळावीत म्हणून, हा लहानसा ग्रंथ रचला आणि त्यावर दीपिका नावाची टीकाही स्वतःच लिहिली. ‘बाल’ म्हणजे अंगावर पिणारे मूल नव्हे, तर जे सांगितले ते ग्रहण करून धारण करण्यास समर्थ असलेला विद्यार्थी, असा खुलासा टीकाकारांनी केला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदय रचले तेही अतिसंक्षेप आणि अतिविस्तार ही दोन्ही टोके टाळून. पुढे १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची तर्कसंग्रहाची आवृत्ती निघाली. मूळ ग्रंथ काही पानांचा, पण त्यावरील टिपांनी मोठे पुस्तक भरले. सोपे करून सांगणे ह्याला आपल्या परंपरेत कधीच कमीपणा नव्हता. अडचण आहे ती सोपे करण्याच्या नावाखाली गाळून टाकण्याची.

काय गाळले जाते, ते पाहावे. चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सामान्य, विशेष, गुण, द्रव्य, कर्म आणि समवाय असा क्रम दिला आहे. वैशेषिकांचा क्रम द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असा आहे. नावे तीच सहा, म्हणून आमच्या पाहण्यातील बहुतेक गाइडे चरकाने वैशेषिकांचे पदार्थ जसेच्या तसे उचलले असे एका वाक्यात सांगून मोकळी होतात. पण चरकाने सामान्य व विशेष यांना अग्रस्थान का दिले? वैशेषिकांचे सामान्य म्हणजे नित्य, एक व अनेकांत राहणारी जाती. चरकाचे सामान्य म्हणजे भावपदार्थांच्या वृद्धीचे कारण, आणि विशेष म्हणजे ऱ्हासाचे. ज्या तंत्राचे प्रयोजन धातुसाम्य, त्या तंत्राला आधी वाढविणे आणि कमी करणे यांचा नियम हवा होता. मांसाने मांस वाढते हे सांगणारा वैद्य वर्गीकरण करीत नाही, चिकित्सा करतो. गाइडात ह्या दोन्ही व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात. त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, ही सूचना नसते.

सांख्याचेही तेच. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पंचवीस तत्त्वे आहेत, सुश्रुतही पंचवीस मानतो, आणि चरकाच्या शारीरस्थानात चोवीस तत्त्वांचा पुरुष येतो. विद्यार्थी हा फरक ‘मतभेद’ या शीर्षकाखाली पाठ करतो. चरकाने अव्यक्त आणि पुरुष वेगळे मोजलेले नाहीत, आणि हे सांख्याचे कारिकेपूर्वीचे रूप असावे, ही चर्चा सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी १९२२ सालीच आपल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात केली. १९३२ च्या दुसऱ्या खंडात तर त्यांनी वैद्यकातील विचारांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आणि न्यायशास्त्राची मुळे वैद्यांच्या वादांत असावीत, असा विचार मांडला. तो सर्वांस मान्य व्हावा असे नाही. परंतु वैद्य हा दर्शनांचा केवळ ऋणको नसून कदाचित धनकोही आहे, ही शक्यता अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कोणी सांगितली, तर त्याची मान ताठ होईल की नाही?

आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान युक्ती ह्या प्रमाणाचे झाले आहे. वैशेषिक दोन प्रमाणे मानतात, सांख्य तीन, नैयायिक चार. चरकाने तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीस युक्ती ठेवली. अनेक कारणांच्या योगाने होणारे कार्य ओळखणारी बुद्धी ती युक्ती. चरकाचे उदाहरण शेतीचे आहे: पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांचा संयोग झाला म्हणजे पीक येते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे? पाऊस झाला पण पेरणी साधली नाही, किंवा बियाणे चांगले पण वाफसा नाही, म्हणजे काय होते ते त्याने घरी पाहिलेले असते. गाइडात युक्तीची व्याख्या असते, कोष्टकात तिचा रकाना असतो, आणि शेत मात्र नाहीसे झालेले असते.

याचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ‘लातूर पॅटर्न’ने आपल्या भागातील सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय शिक्षणाचे दार उघडून दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. आज ‘नीट’ ओलांडून येणारा मुलगा दोन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याचा अभ्यास करून आलेला असतो. त्याच्यापुढे एकदम न्यायसूत्रे ठेवली तर तो गाइडाकडेच धावणार. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग २०२१ साली अस्तित्वात आला, २०२२ च्या नियमांनी अभ्यासक्रम नव्याने आखला गेला, प्रथम वर्ष अठरा महिन्यांचे झाले. वेळ वाढला, पुस्तक पातळच राहिले.

औषधनिर्मात्यांना वाटेल की हा महाविद्यालयांचा प्रश्न आहे, आमच्या खलबत्त्याशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो अगदी पुटापर्यंत आहे. कच्चे मडके भाजल्यावर लाल कसे होते, यावर वैशेषिक व नैयायिक यांचा जुना वाद आहे. वैशेषिक पीलुपाकवादी: अग्नीने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, रंग परमाणूंत बदलतो आणि मडके पुन्हा घडते. नैयायिक पिठरपाकवादी: मडके सबंधच राहते, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि सबंध मडक्याचाच गुण पालटतो. गाइडात हा वाद पाच गुणांच्या टीपेपुरता असतो. आता लोहाला पुटांमागून पुटे देणाऱ्या निर्मात्याने स्वतःस विचारावे: प्रत्येक पुटात नेमके काय बदलते, धातूचे बाह्यरूप की मूळ? वारितर परीक्षा एक सांगते, अपुनर्भव परीक्षा दुसरेच काही सांगते. ह्या दोन परीक्षा एकाच गोष्टीच्या आहेत काय? कणाद-गौतमांच्या वादातून भस्माचे रसायन कळते असा आमचा दावा नाही. प्रश्न विचारण्याची भाषा तेथे मिळते, आणि ती नसलेला निर्माता पुटांची संख्या तेवढी मोजत बसतो.

हेत्वाभासाचेही असेच. साल तांबूस व तुरट आहे, म्हणून ती अशोकाची, असे अनुमान करून माल उतरवून घेणारा व्यापारी सव्यभिचार हेतूला बळी पडतो, कारण तांबूस-तुरटपणा अशोकाखेरीज इतर सालींतही असतो. सराका अशोकाच्या जागी आसुपालवाची साल बाजारात येते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ताप आणि थंडी पाहून एकच निदान लिहिणारा वैद्य ह्याच हेतूने फसतो. परीक्षेत सव्यभिचाराची व्याख्या त्या दोघांनीही अचूक लिहिलेली असते.

मग पुस्तक कसे असावे? सुदैवाने याचे उत्तर शोधण्यास बाहेर जावे लागत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाने शिष्याला गुरूच्याही आधी शास्त्राची, म्हणजे ग्रंथाची, परीक्षा करावयास सांगितली आहे. आशय भरपूर असावा, मंद, मध्यम व तीव्र अशा तिन्ही बुद्धीच्या शिष्यांस तो उपयोगी पडावा, पुनरुक्ती नसावी, शब्द ग्राम्य नसावेत तसेच क्लिष्टही नसावेत, विषय क्रमाने यावा, एकात दुसरा मिसळू नये, लवकर समजावा, आणि त्यात लक्षणासोबत उदाहरण असावे. हातातील कोणतेही गाइड ह्या कसोट्यांवर घासून पाहावे. लवकर समजण्याच्या कसोटीस ते बहुधा उतरेल, शेवटच्या कसोटीस क्वचितच.

इंग्रजीत एका विचारवंतावर किंवा विषयावर एक लहान पुस्तक अशी ऑक्सफर्डची परिचयमाला १९९५ पासून चालू आहे. मराठीत दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत तयार झाला; तो संदर्भासाठी अमोल, पण प्रथम वर्षाच्या मुलाच्या पिशवीत मावणारा नव्हे. नांदेडला तर हे कोणी शिकविण्याची गरज नसावी. पीपल्स कॉलेजच्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृती व नाट्यशास्त्र यांसारखे अवघड विषय याच गावातून सामान्य मराठी वाचकापर्यंत नेले, तेही विषय पातळ न करता.

नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळा आहे. लातूरला मांजरा आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत जाणते अध्यापक, अनुभवी वैद्य आणि औषधनिर्माते आहेत. प्रत्येकी एक असे तिघे एकत्र बसवून एकेका दर्शनकारावर साठ-सत्तर पानांची पुस्तिका सिद्ध करणे आपल्या संघटनेस अशक्य नाही. अध्यापकाने मूळ सूत्राशी इमान राखावे, वैद्याने रुग्णाचे उदाहरण द्यावे, निर्मात्याने कढईचे व पुटाचे. चरकाचा आणि त्या दर्शनकाराचा मार्ग जेथे वेगळा होतो, ते स्थळ प्रत्येक पुस्तिकेत स्वतंत्रपणे दाखविले जावे. खर्चाचे म्हणाल, तर दरवर्षी दिनदर्शिका, डायऱ्या आणि चिठ्ठ्यांचे पॅड यांवर फार्मसी जे खर्च करतात, त्यातील थोडा भाग वळविला तरी पुरे. दिनदर्शिका डिसेंबरात उतरते, पुस्तिका उतरणार नाही. मलपृष्ठावर फार्मसीचे नाव घालण्यास आमची हरकत नाही, आत मात्र कोणत्याही उत्पादनाची जाहिरात नसावी.

आरंभ कणादापासून व्हावा, कारण द्रव्य-गुण-कर्म हे वैद्य आणि निर्माता दोघांच्याही रोजच्या व्यवहारातील आहे. मसुदा तयार झाल्यावर तो आधी प्रथम वर्षाच्या दहा विद्यार्थ्यांना वाचावयास द्यावा आणि जेथे ते अडतील तेथे व्याख्या न वाढविता उदाहरण वाढवावे. ह्या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या अध्यापक, वैद्य व औषधनिर्मात्यांनी पुढील अंकापूर्वी संपादक मंडळास पत्र लिहावे, अशी आमची विनंती आहे.