पिकअप उंच करावी, की पाणंद नीट करावी?

पलूस तालुक्यातील शेतमालाची वाहतूक एके काळी बैलगाडीवर होत असे. आज ती बहुतांशी ट्रॅक्टर आणि पिकअप या दोन वाहनांवर येऊन ठेपली आहे. द्राक्षांचे क्रेट, बेदाण्याची खोकी, भाजीपाला, खतांची पोती, रोपे, पाण्याच्या टाक्या हा सर्व भार पिकअप वाहते. यास्तव तिच्या प्रकृतीचा विचार हा आता बैलाच्या प्रकृतीइतकाच शेतीचा विचार झाला आहे. असे असता शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न वारंवार येतो, तो असा: गाडी पाणंदीत टेकते, ती उंच करण्याचे स्वस्तातले साहित्य कोणते घ्यावे?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर दुकानातील भावफलकावरून देता येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, गाडी उंच करण्याचा खर्च हा शेवटचा खर्च असावा, पहिला नव्हे. आणि तो करावयाचाच झाला, तर वस्तूच्या किमतीपेक्षा ती बसविल्यानंतर ब्रेक, तोल आणि माल यांचे काय होते यावरून तिची पारख करावी.

प्रथम गाडी कशामुळे टेकते हे पाहिले पाहिजे. याची कारणे मुख्यतः तीन असतात. पहिले कारण पाटे बसल्याचे. जुन्या गाडीचे पाटे वर्षानुवर्षे भार सोसून आपला बाक गमावतात, बुश झिजतात, एखादा पाटा तडकतो. अशी गाडी मूळच्या उंचीपेक्षा खाली आलेली असते. तिला उंच करण्याची नव्हे, पूर्ववत करण्याची गरज असते. दुसरे कारण भाराचे. नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या वजनाहून अधिक माल भरला की कोणतीही गाडी बसणारच. तिसरे कारण रस्त्याचे. ट्रॅक्टरच्या चाकांनी पावसाळ्यात खोल चाकोऱ्या पडतात व मध्ये मातीचा उंचवटा राहतो. त्या उंचवट्यावर पिकअपचा पोटभाग टेकतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात.

या तिसऱ्या कारणाबाबत एक गोष्ट प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. पिकअपच्या मागील आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. बहुतेक गाड्यांत जमिनीपासून सर्वांत कमी उंचीवर तोच असतो. पाट्यांखाली ठोकळे घातले, पाटा वाढविला किंवा लांब शॅकल बसविले, तर वरचा सांगाडा व हौदा उंच होतो. परंतु आस चाकांनाच जखडलेला असल्यामुळे तो गोळा होता तेथेच राहतो. तो वर उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोठा टायर. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर आस एक इंच वर येतो. त्याबरोबर वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, चढावर इंजिनाची ओढ घटते आणि ब्रेकवरील काम वाढते. तेव्हा चाकोरीत डिफरन्शियल टेकणाऱ्या गाडीला ठोकळे घालणे म्हणजे पायात काटा मोडला असता डोक्याला मलम लावण्यासारखे आहे. शिवाय कृष्णाकाठच्या काळ्या चिकण मातीत टायरची नक्षी काही फेऱ्यांतच मातीने बुजते. गाडी कितीही उंच केली तरी चाकाची पकड त्यामुळे वाढत नाही.

आता बाजारात मिळणाऱ्या उपायांचा क्रमाने विचार करू. सर्वांत स्वस्त उपाय ठोकळ्यांचा. आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्टने आवळतात. हा उपाय फार तर मागील आसापुरता व अल्प उंचीपुरता समजावा. पुढील आसाला ठोकळे कधीही लावू नयेत आणि कोठेही ते एकावर एक रचू नयेत. कारण ब्रेक मारताना आस पिळला जातो व ठोकळा निसटण्याचा धोका उत्पन्न होतो. दुसरा उपाय लांब शॅकलचा. शॅकल दोन इंच लांब केले तर गाडी सुमारे एकच इंच उठते आणि वळणावर हौदा आडवा डोलू लागतो. तिसरा उपाय एक पाटा वाढविण्याचा. हा आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. परंतु सारख्या जाडीच्या पाच पाट्यांचे सहा केले की पाट्यांचा ताठपणा ढोबळमानाने एक पंचमांशाने वाढतो, आणि रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उसळते. चौथा उपाय योग्य बाकाच्या पाट्यांचा संपूर्ण संच, त्यास जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर, नवे बुश व नवे यू बोल्ट यांसह बसविण्याचा. हा सर्वांत महाग दिसतो. पण यात पुढचे खर्च आधीच धरलेले असतात. पहिल्या तीन उपायांत ते मागाहून येतात.

द्राक्ष बागायतदारांनी ताठ पाट्यांचा विचार विशेष काळजीने करावा. बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत जपलेला घड शेवटच्या काही मैलांत हादऱ्यांनी खराब होतो. मणी देठापासून सुटतात, सालीवरील लव पुसली जाते, क्रेटच्या तळाचे मणी चिरडतात. व्यापारी त्याचा भाव पाडतो तेव्हा दोष वाणाला किंवा हवामानाला दिला जातो. तो कित्येकदा वाढविलेल्या पाट्याचा असतो.

याहून गंभीर प्रश्न ब्रेकचा व तोलाचा आहे. काही मालवाहू गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमीअधिक करणारा व्हॉल्व्ह असतो. सांगाडा व आस यांमधील अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी उंच केली की हे अंतर वाढते. गाडी रिकामी आहे असे समजून तो भरलेल्या गाडीच्याही मागील चाकांना कमी ब्रेक देतो. म्हणून अशा गाडीत या व्हॉल्व्हची जुळणी पुन्हा करून घेतल्याविना गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण खाली लोंबकळले असता ताणली जात नाही ना, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढून धडधड होत नाही ना, हेही पाहावे.

तोलाचा हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल, दोन चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर व भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९०० मिलिमीटर धरा. अर्ध्या अंतराला उंचीने भागले असता ०.७८ हा आकडा येतो. गाडी ७५ मिलिमीटर उंच करताच तो ०.७२ वर उतरतो. म्हणजे तीन इंच उंचीसाठी उलटण्यास होणारा विरोध सुमारे आठ टक्क्यांनी घटला. कालव्याच्या भरावावर, बांधाच्या उतारावर किंवा वळणावर हे आठ टक्के फार महाग पडतात. कारण पुष्कळदा हौद्यात मालाबरोबर मजूर भगिनीही बसलेल्या असतात. माणसे हौद्यात बसविणे मुळातच अयोग्य आहे. उंच केलेल्या गाडीत तर ते सर्वस्वी टाळावे.

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसाच निर्वाळा दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड वेगळा. पाटा वाढविला म्हणून गाडीची कायदेशीर भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी व विमा कंपनीस लेखी कळवावे.

यावर शेतकरी म्हणेल, ‘हे सारे खरे, पण माल बागेत पडून आहे आणि रस्ता यंदा होणार नाही.’ हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि वर्षाचे गणित मांडून पाहावे. द्राक्षांची मोठी वाहतूक जानेवारी ते एप्रिल या काळात होते. तेव्हा पाणंदी बहुधा कोरड्या असतात. चिखल असतो तो जून ते ऑक्टोबर या महिन्यांत, आणि तेव्हा पिकअपला बागेपर्यंत न्यावेच लागते असे नाही. तेवढ्या दिवसांत ट्रॅक्टरने माल पक्क्या सडकेपर्यंत आणावा व तेथे पिकअपमध्ये भरावा. पाच महिन्यांच्या चिखलासाठी गाडीचा तोल बारा महिने बिघडविणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

पुराच्या पाण्याविषयी तर कोणतीही शंका ठेवू नये. २०१९ व २०२१ या वर्षी भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ या गावांनी कृष्णेचे रूप पाहिले आहे. दोन फूट खोल वाहते पाणी पिकअपलाही ओढून नेऊ शकते. उंच केलेली गाडी पुलावरील पाण्यात घालण्याचे धाडस देते, सामर्थ्य देत नाही.

सारांश, खर्चाचा क्रम असा ठेवावा. सपाट जागी, रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून चाकावरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून त्याच जातीच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास पाटे, बुश व यू बोल्ट बदलून गाडी मूळ उंचीवर आणावी. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कदापि करू नये. मग भार नोंदणीतील मर्यादेत आणावा. एवढ्याने पुष्कळ गाड्या टेकण्याच्या थांबतील. त्यानंतरही गरज उरली व परवानगी मिळाली, तर एक ते दीड इंचाहून अधिक उंची घेऊ नये, संपूर्ण संच घ्यावा, पावती व हमीपत्र घ्यावे आणि बसविल्यावर चाकांची अलाइनमेंट करून काही दिवसांनी यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

आणि या सर्वांबरोबर पाणंदीचा प्रश्न हाती घ्यावा. वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली, आणि दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याच्या हक्कासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. एका गाडीच्या ठोकळ्यांनी एकच गाडी उंच होते. बाजूचे चर खोदून पाण्याला वाट दिली, चाकोऱ्या बुजवून मुरूम दाबला, तर त्या पाणंदीवरील प्रत्येक गाडी, प्रत्येक बैल व शाळेला जाणारे प्रत्येक मूल चिखलातून वर येते.

१९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली व तेथून लोखंडी नांगर खेडोपाडी गेला. नांगर घेताना शेतकऱ्याने केवळ किंमत पाहिली नाही; आपली जमीन व आपले बैल यांना तो मानवतो का, हे पाहिले. तीच दृष्टी पिकअपविषयी ठेवावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील पिकअपधारकांना एक दिवस एकत्र बोलवावे, हाती मोजपट्टी द्यावी आणि गाड्यांबरोबर पाणंदीही मोजाव्यात. कोणावर किती खर्च करावयाचा, हे त्या मापांवरून गावाला आपोआप कळेल.