विश्लेषण : ‘आय-रॉक’चा इतिहास छत्रपती संभाजीनगरला काय सांगतो?

देशी रॉक बँडना हक्काचे व्यासपीठ देणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव मुंबईत १९८६ मध्ये सुरू झाला. तो वाढला, जागा गमावून बसला, थांबला आणि पुन्हा उभा राहिला. संभाजीनगरातील गिटार-ड्रमवाली पोरे आजही कार्यक्रमासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यामुळे या इतिहासाकडे केवळ मुंबईची आठवण म्हणून पाहणे परवडणारे नाही.

‘आय-रॉक’ची सुरुवात कशी झाली?

भारतात रॉक त्याआधीही होते. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या प्रचारासाठी घेतलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील बँडच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानावरचा महोत्सव झाला. मात्र दरवर्षी ठरलेल्या काळात भरणारा, परदेशी पाहुण्यांवर न विसंबणारा मोठा महोत्सव मुंबईला दिला तो फरहाद वाडिया यांनी. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरायचा म्हणून त्याचे नाव ‘इंडिपेंडन्स रॉक’. श्रोत्यांनी त्याचे ‘आय-रॉक’ केले. ठिकाण होते धोबी तलावचे खुले नाट्यगृह ‘रंगभवन’. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रे’मुळे संगीतप्रेमींना ते आधीच परिचित होते.

त्याने नेमके काय बदलले?

त्या काळात चांगला बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारा, अशी समजूत होती. श्रोत्यांची फर्माईशही तीच असे. स्वतःची गाणी वाजवायची तर ती पुन्हा पुन्हा ऐकवायला मंच लागतो, आणि दरवर्षीचा महोत्सव म्हणजे तसा मंच. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. कोचीचा ‘१३ एडी’, दिल्लीचा ‘परिक्रमा’, मुंबईचा ‘पेंटाग्राम’ ही नावे महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी आली ती अशाच मंचांमुळे. पुढच्या वर्षी पुन्हा वाजवायचे आहे, हे माहीत असले की वर्षभर तालीम होते. वार्षिक महोत्सवाचे खरे मोल या तालमीत आहे.

मग रंगभवन का सुटले?

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवतीच्या किमान १०० मीटर परिसराला शांतता क्षेत्राचे संरक्षण मिळाले. तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रॉकचा कार्यक्रम सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. त्यामुळे तेथील मैफली बंद पडल्या आणि ‘आय-रॉक’ला अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या जागा शोधाव्या लागल्या.

यात नियमाला दोष देता येणार नाही. खाटेवरच्या रुग्णाला शांतता हवीच. चूक झाली ती वेगळी : एक जागा काढून घेताना दुसरी तशीच, परवडणारी आणि कायमची जागा द्यायचे कोणाच्याच मनात आले नाही. मैदान दरवर्षी नव्याने भाड्याने घ्यायचे, मंच, ध्वनियंत्रणा, जनित्र, कुंपण सारे नव्याने उभारायचे, म्हणजे खर्च वाढतो, तिकीट वाढते आणि प्रायोजकाशिवाय पान हलत नाही. २०१३ च्या सुमारास महोत्सव थांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो महिंद्रा समूहाच्या पाठबळावर मुंबईत परतला.

रॉक महोत्सव ही महानगरांचीच चैन आहे का?

नाही. देशी रॉकला आपले मासिक दिले ते अलाहाबादने. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये तेथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले आणि पुढे ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सवही उभा केला. शिलाँगमध्ये लू माजॉ हे १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले. अरुणाचलातील झिरो खोऱ्यात २०१२ पासून महोत्सव भरतो. तो ऐकायला महानगरांतली मुले डोंगर चढून जातात.

भाषेची अडचणही आता उरलेली नाही. ‘अवियल’ने रॉक मल्याळममध्ये आणले, दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ हिंदी-पंजाबी घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात वाजला आणि मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने संतांचे अभंग गिटार-ड्रमवर नेले. ज्या मराठवाड्यात एकनाथांचे पैठण आहे, गोंधळ-भारुडाची परंपरा आहे, तिथल्या मुलांना शब्द उसने आणायची गरज नाही.

संभाजीनगरात काय आहे, काय नाही?

सोनेरी महालाच्या पार्श्वभूमीवर रंगणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव शहराची शान आहे. पण त्याचा भर शास्त्रीय संगीत, नृत्य आणि नामवंत पाहुण्यांवर असतो. शिवाय तो अनेक वर्षे बंद राहून २०२३ मध्ये पुन्हा भरला. सरकारी तिजोरी आणि अधिकाऱ्यांच्या उत्साहावर चालणारा महोत्सव असा खंडित होतो. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य गायन-वादनाचे प्रकार असतात. पण चषक घेऊन मुले बाहेर पडली की पुढे वाजवायला मंच नाही.

काय करता येईल?

पहिले, जागा. रुग्णालये आणि शाळांपासून दूर असलेले एक मैदान महापालिकेने ठरवावे आणि तेथे वीज, स्वच्छतागृहे व पक्का मंच कायमचा द्यावा. दुसरे, वेळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तीही सण-उत्सवांत वाटली जाते. त्या सवलतीसाठी भांडण्यापेक्षा दुपारी तीनला सुरू करून पावणेदहाला आवरावे. तिसरे, पैसा. वाळूज आणि शेंद्र्याच्या उद्योगांनी एका वर्षाची जाहिरात म्हणून नव्हे, तर किमान पाच वर्षांचे वचन म्हणून तो द्यावा. चौथे, अट. मराठवाड्यातील बँडना निम्मा वेळ आणि प्रत्येकाचे निदान एक गाणे स्वतःचे.

पिण्याच्या पाण्याची ओरड असलेल्या शहरात हे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो गैर नाही. पण नळाला पाणी आले तरी शहरात थांबायला तरुणांना आणखी काही कारणे लागतात. ‘आय-रॉक’ला श्रोते कमी पडले नव्हते, जागा कमी पडली. संभाजीनगरात अजून मोकळी मैदाने आहेत. ती भूखंड होण्याआधी एक गाण्यासाठी राखायला हवे.