चौकशी सदोष, तर न्याय निष्फळ

रांझ्याच्या पाटलाला शिवरायांनी केलेली शिक्षा मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? बदअमल करणाऱ्या मुकादमाचे हातपाय तोडले गेले, हे व्याख्यानांतून आवेशाने सांगितले जाते. परंतु इ. स. १६४५-४६ च्या सुमाराच्या त्या अस्सल पत्रातील क्रम सहसा कोणी सांगत नाही. आधी हकिकत कानी आली, मग पाटलाला समक्ष आणविले, चौकशी केली, अपराध खरा ठरला आणि त्यानंतरच शिक्षा झाली. कठोरता आणि चौकशी या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत, हे त्या कोवळ्या वयाच्या राजाला उमगले होते. आमच्या विद्यापीठांना ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

गोवा विद्यापीठाचे प्रकरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने ५ जून २००९ रोजी अहवाल दिला, जानेवारी २०१० मध्ये संबंधित प्राध्यापकास बडतर्फ करण्यात आले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. परंतु १२ मे २०२३ रोजी न्या. ए. एस. बोपण्णा व न्या. हिमा कोहली यांच्या खंडपीठाने बडतर्फी रद्द ठरविली. अवघ्या ३९ दिवसांत १८ बैठका उरकताना आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, हे त्याचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष म्हटले नाही; चौकशी पुन्हा करा, असे सांगितले. म्हणजे तक्रार खरी की खोटी, याचा निर्णय १४ वर्षांनंतरही लागलेला नव्हता. यात त्या प्राध्यापकाला न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही. आणि धैर्याने पुढे आलेल्या त्या मुलींच्या पदरी काय पडले? चौकशीतील घाई आरोपीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तक्रारदाराच्या मुळावर येते.

याची दुसरी बाजू अधिक दारुण आहे. ओडिशातील बालेश्वरच्या फकीर मोहन महाविद्यालयातील विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली. आपल्याला न्याय मिळत नाही, या भावनेने तिने १२ जुलै २०२५ रोजी महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुख आणि प्राचार्य यांना पुढे अटक झाली. राज्य कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न येथे गौण आहे. आपले कोणी ऐकून घेत नाही, असे एका तरुणीला वाटावे, हा संस्थेचा पराभव आहे.

या दोन टोकांमध्ये मराठवाड्याने कोठे उभे राहावयाचे? मुक्तिसंग्रामाचे सेनापती स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झाले. किनवट, मुखेड, देगलूर, निलंगा, औसा येथील खेड्यापाड्यांतून एसटीने येणाऱ्या, घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुली या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे परगावच्या हजारो मुली लातूर आणि नांदेडच्या वसतिगृहांत राहतात. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक परीक्षा आणि संशोधनाचे मार्गदर्शन ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे या मुलीला किती कठीण जात असेल, याची कल्पना करावी. गावी कळले तर बाप शिक्षणच बंद करील, ही धास्ती वेगळीच. दुसरीकडे, लहान गावात आरोपाची कुजबुज झाली तरी निरपराध शिक्षक वा विद्यार्थी आयुष्यातून उठतो.

म्हणूनच नियमांचे महत्त्व आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कायदा आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम केले. त्यांनुसार समितीची अध्यक्ष महिला असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, बाहेरचा सदस्य असतो आणि कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना समितीत स्थान नाही. तक्रारीची प्रत आरोपीला द्यावयाची, त्याचे म्हणणे घ्यावयाचे आणि ९० दिवसांत चौकशी संपवावयाची. चौकशी चालू असताना त्या मुलीचे गुण आरोपीच्या हाती राहू नयेत, ही तरतूदही त्यात आहे. नावे गुप्त ठेवण्याचे बंधन दोघांच्याही रक्षणासाठी आहे. हेतुतः खोट्या तक्रारीला शिक्षा आहे. पण केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायदा स्पष्ट सांगतो. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर समितीच्या आडून पोलिसांना दूर ठेवता येत नाही. मुलीची इच्छा असेल तर गुन्हा नोंदविण्यास साहाय्य करणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे.

नियम असा समतोल असताना दोन मोह आडवे येतात. पहिला संस्थाचालकांचा: संस्थेची अब्रू वाचविण्यासाठी प्रकरण मिटविण्याचा. दुसरा जमावाचा: आरोप म्हणजेच निकाल मानण्याचा. २०१७ मध्ये समाजमाध्यमावर प्राध्यापकांच्या नावांची यादी फिरली. कोणी काय केले याचा तपशील नाही, खुलाशाची संधी नाही. पुरोगाम्यांच्या वर्तुळात तिचे कौतुक झाले, तेव्हा स्त्रीवादी चळवळीतील ज्येष्ठांनीच तिला हरकत घेतली, हे त्यांच्या श्रेयाचे मानले पाहिजे. अमेरिकेत तर सरकार बदलले की विद्यापीठांतील चौकशीचे नियम बदलतात. असा लंबक आपल्याला आयात करावयाचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या त्याच प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या यांच्या नेमणुकीसाठी मुदती घालून दिल्या. नांदेड-लातूरच्या नागरिकांनी आता साधे प्रश्न विचारावेत. आपल्या महाविद्यालयात समिती आहे काय? तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत काय? साक्ष कशी नोंदवावी, नोटीस कशी द्यावी, याचे प्रशिक्षण त्यांना मिळाले आहे काय? राष्ट्रीय विचारांच्या विद्यार्थी संघटनांनी घोषणांइतकाच आग्रह या प्रश्नांसाठी धरावा. आरोपी आपल्या विचारांचा असो वा परक्या, मापदंड एकच राहावा.

स्त्रीचा सन्मान हा आमच्या संस्कृतीचा अभिमानाचा विषय आहे. तो भाषणांत नव्हे, तर तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे म्हणणे शांतपणे लिहून घेणाऱ्या आणि नंतर समोरच्याचेही तितक्याच शांतपणे ऐकणाऱ्या समितीत सिद्ध होतो. रांझ्याचा निवाडा साडेतीनशेहून अधिक वर्षे टिकला, तो शिक्षेच्या कठोरतेमुळे नव्हे, तर त्याआधी झालेल्या चौकशीमुळे.