प्रबंध कपाटात, विंचू बांधावर

एम.डी. किंवा एम.एस. होऊ पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक प्रबंध लिहावा लागतो. विषय निवडायचा, नैतिकता समितीची परवानगी घ्यायची, ठरलेल्या संख्येइतके रुग्ण तपासायचे, तक्ते मांडायचे आणि जाडजूड पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी अक्षरे छापून तो विद्यापीठाकडे पाठवायचा. तो मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. नंतर त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाते. वाचकहो, माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. त्या कपाटातून तो बाहेर कधी येतो?

आपल्या राज्यात अभिमत विद्यापीठे सोडली तर वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा सर्व शाखांची महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी आमची पदवी पुणे, मुंबई, नागपूर अशा सर्वसाधारण विद्यापीठांची असे. केवळ आरोग्यासाठी वेगळे विद्यापीठ हवे, यामागचा विचार चांगलाच होता. आरोग्यशास्त्र हे उपयोजित शास्त्र आहे. त्यातले संशोधन माणसाच्या उपयोगी पडले नाही तर ते अर्धेच राहिले, असे मी मानतो.

युरोपात काही विद्यापीठांच्या नावातच 'उपयोजित विज्ञान' हे शब्द असतात. जर्मनीत १९६८ साली राज्यांनी करार करून अशा संस्था उभ्या केल्या, तर फिनलंडमध्ये १९९१ पासून त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. फिनलंडची पद्धत मला विशेष आवडते. तेथे परिचारिकेचे शिक्षण याच संस्थांत होते आणि पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थिनीला प्रबंध लिहावा लागतो. विषय पुष्कळदा रुग्णालयाचा एखादा वॉर्ड किंवा आरोग्य केंद्रच सुचवते. अनेक विद्यार्थिनींच्या प्रबंधाचे फलित म्हणजे रुग्णाच्या हाती द्यायची एक माहितीपुस्तिका असते : शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर काय करावे, अमुक तपासणीला येताना काय पाळावे. हे प्रबंध 'थीसियस' नावाच्या सार्वजनिक संग्रहात ठेवले जातात आणि त्यातले बहुतेक कोणालाही विनामूल्य वाचता येतात. काही पंडितांना पुस्तिका म्हणजे संशोधन वाटणार नाही. वॉर्डातल्या रुग्णाला मात्र ती वाटेल.

आपल्याकडे 'शोधगंगा' हा चांगला संग्रह आहे, पण तो पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी. एम.डी.-एम.एस.चे प्रबंध तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची सोय नाही. मला तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही कोणी 'तुमच्या भागातल्या रुग्णांवर हा अभ्यास झाला, त्यातून हे निघाले' असे कळवलेले नाही. औषध कंपनीचा प्रतिनिधी मात्र दर पंधरवड्याला येतो आणि परदेशातल्या अभ्यासाचा रंगीत आलेख टेबलावर ठेवून जातो.

माझ्याकडे मधुमेहासाठी नियमित येणाऱ्या एका आजीबाईंनी मागे विचारले, "डाक्टरसायेब, मोठ्या दवाखान्यात एक पोरगी आली होती. कागदावर आंगठा घेतला, दोन डाव रगत नेलं. पुढं काय निघालं त्यात?" ती पोरगी म्हणजे प्रबंध करणारी निवासी डॉक्टर असणार. मी त्या महाविद्यालयात ओळखीच्या एकाकडे चौकशी केली. विद्यार्थिनी पास होऊन गेली होती, प्रबंध ग्रंथालयात होता, निष्कर्ष कोणाला तोंडपाठ नव्हता. आजीबाईंना मी काय सांगणार?

माणसांवरील वैद्यकीय संशोधनाचे नियम सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ साली स्वीकारला गेला. त्याच्या २०१३ च्या सुधारित मसुद्यात स्पष्ट म्हटले आहे की, अभ्यासात भाग घेणाऱ्याला त्याचे एकंदर निष्कर्ष कळवून घेण्याचा पर्याय दिला गेला पाहिजे. तेव्हा आजीबाईंची चौकशी अगदी रास्त होती.

यात त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. सलग चोवीस-छत्तीस तास ड्युटी करून उरलेल्या वेळात संशोधन करायचे म्हणजे काय, हे ज्याने वॉर्ड पाहिला आहे त्याला ठाऊक आहे. विषय बहुधा मार्गदर्शकच देतात आणि लवकर रुग्ण मिळतील असाच देतात. म्हणून तेच ते विषय पुन्हा पुन्हा येतात. पैसे घेऊन प्रबंध 'तयार करून देणाऱ्यांच्या' जाहिरातीही मी पाहिल्या आहेत. जे कोणी वाचणारच नाही ते मन लावून कोण लिहील?

प्रश्न कोठून येतो यावर बरेच अवलंबून असते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एम.बी.बी.एस. डॉक्टर म्हणून रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, त्यात मुले पुष्कळ, त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. उलटी, भरपूर घाम, हातपाय गार पडणे ही हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. त्यावर प्राझोसिन ही मूळची रक्तदाबाची साधी गोळी गुणकारी ठरते, हे १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. पूर्वी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणच्या पट्ट्यात गंभीर विंचूदंशात शंभरातले २५ ते ३० रुग्ण दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. पुढे गोळीबरोबर विंचवाची प्रतिलसही द्यावी का, हे त्यांनी ७० रुग्णांवर तपासले. दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतो, हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ७० रुग्ण म्हणजे एखाद्या प्रबंधात असतात तितकेच की! फरक संख्येचा नाही.

(जाता जाता : ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी आणि घेतल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. उभे केल्यास रक्तदाब एकदम उतरतो. मूल रडते म्हणून उचलून खांद्यावर घेण्याचा मोह आवरावा.)

आपल्या शिवारात असे प्रश्न आजही पडून आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेली. आमच्या तालुक्यापुरते म्हणाल तर फवारणीचा हंगाम संपल्यावर महिना-महिना हातापायाला मुंग्या येतात म्हणून मजूर येतात. त्यांतल्या किती जणांचे कारण औषध, किती जणांचे मधुमेह आणि किती जणांचे दारू, हे कोणी मोजले तर मला उद्या सकाळी उपयोगी पडेल. मोठ्या रुग्णालयात दाखल झालेल्यांवरच अभ्यास होतो. हा मजूर तेथे पोहोचतच नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रबंधासोबत सोप्या मराठीत एक पान लिहिणे सक्तीचे करावे आणि ते पान ज्या रुग्णांचे रक्त घेतले त्यांना व जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांना पाठवावे. 'काही फरक आढळला नाही' असा निष्कर्ष असेल तर तोही पाठवावा. निरुपयोगी औषध बंद करायला त्याचीच मदत होते. आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या डॉक्टरांना, आशाताईंना विचारावे की तुम्हाला कोणते कोडे सुटत नाही. त्यातून दहा विषय जरी निघाले तरी पुष्कळ झाले. याला खर्च फारसा नाही, इच्छा मात्र लागेल.

तोवर वाचकांपुरते एवढे. तुम्हाला किंवा घरच्या कोणाला एखाद्या अभ्यासात घ्यायचे म्हणून सही मागितली, तर घाबरू नका. असे अभ्यास व्हायलाच हवेत. मात्र भाग घ्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, आणि 'नाही' म्हटल्याने उपचारात कमी-जास्त होता कामा नये. माहितीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे. त्याची एक प्रत मागून घ्या. तीवर संशोधकाचा फोन क्रमांक असतो. ती प्रत इतर रिपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा आणि वर्षभराने त्या क्रमांकावर फोन करून आजीबाईंचाच प्रश्न विचारा.