चाकांवरचे बिऱ्हाड आणि बुटांवरची माती



हल्ली शिवारफेरीला गेले की खतांच्या, कीडरोगांच्या प्रश्नांबरोबर एक नवाच प्रश्न कानी पडतो. "साहेब, पोरगा न्यूझीलंडला नोकरीला आहे. या म्हणतो. तिथे म्हणे घरासारखी मोटार भाड्याने मिळते, तीत राहायचे, तीतच रांधायचे आणि समुद्राकाठाने फिरायचे. आम्हांला जमेल का?"

जमेल. जो माणूस वर्षभराच्या पिकाचे नियोजन करतो, त्याला दहा-बारा दिवसांचे नियोजन अवघड नाही. मात्र पेरणीआधी मशागत करतो, तशी इथेही तयारी हवी.

पहिली गोष्ट हंगामाची. तो देश पृथ्वीच्या दक्षिण भागात असल्याने आपल्या थंडीत तिकडे उन्हाळा असतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत त्यांच्याच लोकांच्या सुट्ट्या असतात. गर्दी आणि भाडे दोन्ही जास्त. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च हा काळ बरा. कापूस, सोयाबीनवाल्यांना तो सोयीचा आहे. द्राक्षबागायतदाराची तेव्हा काढणी चालू असते. त्याने बाग सांभाळणारा खात्रीचा माणूस मिळाल्यावरच तिकिटे काढावीत. दुभती जनावरे कोण पाहणार, हेही आधी ठरवा.

दुसरी गोष्ट वाटेची. पहिल्या खेपेला सगळा देश पाहण्याचा हव्यास नको. दक्षिण बेटाचा पूर्व किनारा पुरे आहे. क्राइस्टचर्चला गाडी घ्यावी आणि तिथेच परत करावी. म्हणजे एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडण्याचा जादा आकार वाचतो. उत्तरेला कायकोरा आणि ब्लेनम, मग परत फिरून दक्षिणेला ओमारू आणि डुनेडिन. सगळे मिळून सुमारे १,३५० किलोमीटर होतात. दिवसाला दीडशे-दोनशेच्या वर चालवू नका.

या वाटेवर शेतकऱ्याला पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कायकोऱ्याला समुद्र किनाऱ्याजवळच एकदम खोल होतो, म्हणून तिथे बाराही महिने प्रचंड देवमासे दिसतात. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हाच किनारा उचलला गेला आणि दरडींनी रस्ता बंद पडला. तो डिसेंबर २०१७ मध्ये खुला झाला. ब्लेनमच्या आसपास मार्लबरोचे द्राक्षमळे आहेत. मार्च-एप्रिल हा त्यांच्या काढणीचा काळ, तेव्हा नाशिक-सांगलीच्या माणसाने तिकडे जरूर डोकवावे. दक्षिणेला कँटरबरीच्या मैदानात लांबलचक फिरते सिंचन यंत्र कुरणांना पाणी देताना दिसेल. ओमारूला संध्याकाळी छोटे निळे पेंग्विन समुद्रातून घरट्याकडे परततात. तिथून पुढे मोएराकीच्या वाळूवर निसर्गाने घडवलेले गोल धोंडे आहेत. डुनेडिनजवळच्या पोर्ट चामर्स बंदरातून फेब्रुवारी १८८२ मध्ये गोठवलेल्या मांसाचे पहिले जहाज लंडनला निघाले. शेतमाल टिकवून दूरच्या बाजारात नेता आला, तेव्हा त्या देशाची शेती बदलली. आपणही शीतगृहाचा विचार करतो, म्हणून हे सांगितले.

आता गाडी. तिकडेही वाहतूक डावीकडूनच असते, ही आपली मोठी सोय. परवाना इंग्रजीत असावा. नसेल तर मान्य भाषांतर किंवा आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. पण "मी ट्रॅक्टर-ट्रॉली चालवतो, मला काय अवघड?" असे म्हणू नका. ही गाडी सहा-सात मीटर लांब आणि तीन मीटरच्या आसपास उंच असते, वाऱ्याने हलते. तिची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा. मागे घेताना एकाने खाली उतरून उभे राहावे. मागे मोटारी साचल्या तर सुरक्षित जागी कडेला होऊन त्यांना वाट द्या. आणि विमानातून उतरल्या दिवशी गाडी अजिबात ताब्यात घेऊ नका. तिकडचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापुढे साडेसात तास असते. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी परक्या रस्त्यावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

गाडीतले पाणी आपल्या टँकरच्या पाण्यासारखे मोजून वापरायचे. सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची पेटी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. ओढ्यात किंवा झाडीत मुळीच नाही. रात्री वाटेल तिथे मुक्काम करता येत नाही. ज्या सरकारी जागांवर फुकट राहता येते, तिथेही बहुधा पक्के बसवलेले शौचालय आणि हिरवे प्रमाणपत्र असलेलीच गाडी चालते. नवख्या माणसाने वीज-पाण्याची सोय असलेल्या पैसे भरून राहण्याच्या तळावर उतरावे, निदान एक दिवसाआड तरी. गाडी चालू करण्यापूर्वी गॅस बंद, कपाटांच्या खिट्ट्या लावलेल्या, हे रोज पाहा.

खर्च मांडताना भाड्याच्या आकड्यावर भुलू नका. विमा, अनामत रक्कम आणि डिझेल गाडीचा किलोमीटरप्रमाणे द्यावा लागणारा रस्ताकर वेगळा विचारा. छत आणि गाडीखालचे नुकसान विम्यात येते का, ते लेखी घ्या. अपघातातल्या दुखापतीवरील उपचारांना तिथली सरकारी योजना पाहुण्यांनाही मदत करते. पण आजारपणाला नाही. तेव्हा वैद्यकीय विमा हवाच. रोजची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. अडचणीत फोन १११ क्रमांकावर करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या देशात जनावरांचा लाळ-खुरकूत रोग आजवर कधीच आलेला नाही. आपल्या गोठ्याला हा रोग काय करतो, हे तुम्हांला सांगायला नको. दूध-लोकरीवर जगणाऱ्या त्या देशाला त्याची धास्ती वाटते ती उगाच नव्हे. म्हणून उतरताच विचारतात: शेतावर, जनावरांत वावरलात का? सोबत खाण्याचे काय आहे? बूट मळके आहेत का? सगळे खरे लिहा. लिहून दिलेल्या वस्तूची तपासणी होते आणि चालत नसेल ती काढून घेतात. लपवली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, कधी त्याहून मोठी कारवाईही. बूट घरीच ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. बियाणे, मध, ताजी फळे नेऊच नका. नातवासाठी परसातल्या वालाचे चार दाणे नेण्याचा मोह होईल, तोही आवरा. दुसऱ्याच्या शिवारात रोग जाऊ नये, हा आपलाही धर्मच आहे.

शेवटी घरातल्या माउलीबद्दल. तीस-चाळीस वर्षे ती चुलीपुढे आहे. चाकांवरच्या घरातही तिलाच ओट्यापुढे उभे केले, तर तिची सहल कसली? स्वयंपाकाची पाळी लावा. एक दिवस बाप, एक दिवस लेक, एक दिवस सून. खिडकीजवळची जागा तिला द्या. प्रवासात ती किती हसली, यावरून सहलीचा हिशेब करा. मग कागदपत्रांना लागा. व्हिसाचा अर्ज दोन-तीन महिने आधी गेलेला बरा.